'पूर्णब्रह्म'च्या आधीचा 'अ'

अन्नावर मी तत्त्वज्ञानाच्या वर्गात तीसेक वर्षं बोललो. तैत्तिरीय उपनिषदातली भृगूची गोष्ट सांगायचो. तप केल्यावर भृगूला आधी कळतं, अन्न हेच ब्रह्म. मग प्राण, मन, विज्ञान आणि शेवटी आनंद. अन्नाच्या पायरीवर मी दहा मिनिटं थांबायचो आणि आनंदाकडे धावायचो. पोट भरलेल्या माणसाला ती पायरी लहानच दिसते!

ही घाई माझ्या लक्षात आणून दिली शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकानं. २०१५ साली आलेलं हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्याविषयी आहे. जेवणाआधी म्हणायच्या श्लोकातल्या शब्दाला पाटोळ्यांनी फक्त एक 'अ' जोडला. पण त्या 'अ'नं मला माझाच एक जुना वर्ग आठवला.

गीतेचा सतरावा अध्याय शिकवत होतो. आठ ते दहा हे श्लोक. सात्त्विक माणसाला काय आवडतं, राजसाला काय, आणि शिळं, उष्टं अन्न ते तामसाला प्रिय. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "सर, शिळं आम्हाला आवडायचं म्हणून नव्हतो खात. तेच मिळायचं." मी काहीतरी गुणांचं विवेचन केलं आणि पुढे गेलो. खरं तर तो त्या श्लोकांवरचा सर्वांत नेमका आक्षेप होता. ज्याला निवड नाही त्याच्या ताटावरून त्याचा स्वभाव कसा ठरवणार? पाटोळ्यांचं पुस्तक वाचताना त्या मुलाला द्यायचं उत्तर माझ्याकडे आजही नाही, हे कळलं.

आमच्या घरी स्वयंपाकाचं पुस्तक म्हणजे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. वाटी-चमच्याच्या मापानं त्यांनी नव्या संसारातल्या कितीतरी मुलींना हात दिला, त्याबद्दल आदरच आहे. पण वाटीनं मोजायला आधी डब्यात काहीतरी असावं लागतं. पाटोळ्यांच्या पाककृतींत दुधातुपाची चैन नाही. तिथे चान्या आहेत, म्हणजे मीठ लावून उन्हात वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या. रक्तापासून केलेली रक्ती आहे. जनावराचं काहीही वाया जात नाही.

आणि इथेच आपला पाय घसरतो. २०२४ मध्ये इंग्रजी अनुवाद आला, तेव्हा एका जुन्या विद्यार्थिनीचा फोन आला, "सर, किती सस्टेनेबल होतं हो हे सगळं!" तिला मी दोष देत नाही, ज्वारीच्या भाकरीबद्दल मीही असाच बोलतो. गरिबाची भाकरी मला सत्तरीत डॉक्टरांनी लिहून दिली, तेव्हा ती आरोग्यदायी झाली. पण काही वाया न घालवणं ही इथे पर्यावरणनिष्ठा नव्हती. मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम जातीनं लादलेलं होतं, आणि मांस हा त्या कामाचाच भाग.

म्हणून तर १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी उष्टं आणि मृत जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. मग पाटोळे जे सोडायचं तेच जपतात का? मला तसं वाटत नाही. लादलेलं नाकारणं एक, आणि त्यातही आपल्या आयाबायांनी चव कशी निर्माण केली ते विसरू न देणं दुसरं. मात्र हा ताण पुस्तकानं आणखी उघडून मांडायला हवा होता, ही माझी तक्रार आहे. शिवाय पुस्तकाच्याच वर्षी, मार्च २०१५ मध्ये, महाराष्ट्रात गायीपाठोपाठ बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. एकेकाळी मेलेलं खायला लावलं. आता विकत घेऊन शिजवायचं म्हटलं तर कायदा आड.

मी स्वतः शाकाहारी आहे. चान्या चाखलेल्या नाहीत, आणि या वयात चाखेन असंही नाही. म्हणजे या पुस्तकाचा मोठा भाग मी नुसता वाचलाय. इथे कुणी तो खाल्लेला असेल तर आता त्यांनी बोलावं, मी खाली बसतो.