ऐकणारा मिशनरी

ऑक्टोबरमध्ये मिशन रविवार जवळ आला की आमच्या नियतकालिकांतून आफ्रिकेत सेवा करणाऱ्या एखाद्या तरुण धर्मगुरूचे वा धर्मभगिनीचे पत्र हमखास प्रसिद्ध होते. त्या पत्राचा साचा आता वाचकांच्या अंगवळणी पडला आहे. पहाटेची मिस्सा, धुळीच्या रस्त्यावरून जीपचा प्रवास, मलेरिया, नवी विहीर, शाळा, दवाखाना आणि शेवटी हसऱ्या मुलांचे छायाचित्र. अशी पत्रे आम्हीही कौतुकाने वाचली आहेत. त्यांतील कष्ट खरे असतात, त्यागही खरा असतो. तरीही वाचून झाल्यावर एक उणीव जाणवत राहते. या पत्रांत मिशनरी बोलतो आणि मुले हसतात; त्या भूमीतील प्रौढ माणसे मात्र काहीच बोलत नाहीत.

ही उणीव मनात घेऊन आम्ही फादर व्हिन्सेंट डोनोव्हन यांचे ‘ख्रिश्चॅनिटी रिडिस्कव्हर्ड’ हे १९७८ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक पुन्हा हाती घेतले. डोनोव्हन (१९२६–२०००) हे पवित्र आत्म्याच्या संघाचे अमेरिकन धर्मगुरू. तरुणपणीच ते पूर्व आफ्रिकेत गेले आणि आजच्या टांझानियात मसाई या गुराखी जमातीत त्यांनी कार्य केले. पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘ख्रिस्ती श्रद्धेचा पुन्हा लागलेला शोध’ असा करता येईल. हा शोध कोणाला लागला, हे पुस्तक वाचू लागताच ध्यानात येते. तो लागला खुद्द मिशनऱ्याला!

पुस्तकाच्या आरंभी एक पत्र आहे. मे १९६६ मध्ये लोलिओंडो येथील मिशनकेंद्रातून डोनोव्हन यांनी आपल्या बिशपांना ते लिहिले. केंद्रात सुस्थितीतील शाळा होत्या, रुग्णालय होते, प्रार्थनामंदिर होते. लँड रोव्हर गाडी रुग्णांची ने-आण करून थकत होती. मिशनऱ्याचा दिवस कामाने ओसंडून वाहत होता. परंतु त्या केंद्राने घडविलेला, नित्यनेमाने धर्म पाळणारा एकही प्रौढ मसाई ख्रिस्ती नव्हता आणि देवाविषयी मसाईंशी कोणी मोकळेपणी बोललेही नव्हते. हा सारा हिशोब मांडून हा धर्मगुरू एकच परवानगी मागतो : शाळा व दवाखाना बाजूला ठेवून आपण मसाईंच्या वस्त्यांवर जावे आणि त्यांच्याशी केवळ देवाविषयी बोलावे. आत्मपरीक्षणाचा इतका निर्भीड दस्तऐवज मिशनसाहित्यात विरळाच.

यापुढील भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. दर आठवड्याला ठरलेल्या वस्तीवर जायचे, वडीलधाऱ्यांसमवेत बसायचे, एक विषय मांडायचा आणि मग ऐकायचे, असा हा क्रम वर्षभर चालला. पहिल्याच भेटीत एका वृद्धाने विचारले की, याचसाठी तुम्ही आला होतात, तर सांगायला इतका विलंब का लावला? पुढे एकदा डोनोव्हन अब्राहामाची कथा सांगत होते. मसाईंनी देवाला आपल्या जमातीपुरते बांधून ठेवले आहे, असे ते म्हणाले. त्यावर श्रोत्यांनी विचारले की, तुमच्या जमातीला तरी तो सर्वांचा देव सापडला आहे काय? आपल्या लोकांनी देवाला कोणकोणत्या युद्धांत ओढले, हे आठवून धर्मगुरू निरुत्तर झाले. नाही, आम्हांलाही तो सापडलेला नाही, आपण मिळून शोधू या, असे प्रांजळ उत्तर त्यांनी दिले.

बाप्तिस्म्याचा प्रसंग तर प्रत्येक धर्मशिक्षकाने वाचावा असा आहे. वर्षअखेरीस डोनोव्हन निवड करू लागले. हा वारंवार गैरहजर राहिला, त्याला शिकवण नीट उमगली नाही, वगैरे. तेव्हा न्दांगोया नावाच्या वृद्धाने त्यांना थांबविले. आमच्यातील आळशांना उद्योगी माणसांनी सांभाळून घेतले, मंदांना हुशारांनी; मग तुम्ही आमची फाटाफूट का करता? आमचा सर्वांचा विश्वास आहे, असे मी साऱ्या वस्तीच्या वतीने सांगतो, हा त्याच्या बोलण्याचा आशय होता. धर्मगुरूंनी संपूर्ण वस्तीला बाप्तिस्मा दिला. ख्रिस्तसभा हे एक कुटुंब आहे, असे आम्ही प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. त्या वृद्धाने ते प्रवचन न ऐकताच ओळखले होते.

मसाईंची गुरे गवतावर जगतात, म्हणून मूठभर गवत हे त्यांच्याकडे शांतीचे चिन्ह. मिस्सेच्या वेळी हे गवत वस्तीभर हातोहाती फिरे. कोणी वैरापोटी ते पुढे देण्याचे नाकारले, तर त्या दिवशी ख्रिस्तप्रसाद साजरा होत नसे. आपल्या धर्मग्रामांत बांधावरून वा वाटणीवरून वर्षानुवर्षे अबोला धरलेले भाऊ एकाच रांगेत कम्युनियनला उभे राहतात. ते गवत आपल्या बाकांवरून फिरले तर किती रविवारी मिस्सा पूर्ण होईल, असा प्रश्न हा मजकूर वाचताना आमच्या मनात आल्यावाचून राहिला नाही.

पुस्तक निर्दोष मात्र नाही. बोलतात ते बहुतेक वडीलधारे पुरुष. मसाई पुरुष स्त्रियांसमोर जेवत नसत आणि एकाच भाकरीभोवती सर्वांना आणताना हा मोठा पेच उभा राहिला, हे लेखक प्रामाणिकपणे सांगतो; पण स्त्रियांच्या मनात काय चालले होते, ते पुरेसे उमगत नाही. दुसरे असे की, शाळा-दवाखान्यांविषयीचा त्यांचा कठोर निवाडा आम्हांला सर्वस्वी मान्य नाही. मिशनच्या शाळेने आमच्याकडील कित्येक घरांत अक्षर आणले आणि त्यासोबत स्वाभिमानही. ही सेवा हेदेखील शुभवर्तमानच आहे.

तथापि या सेवेत कोणते कोडे दडलेले असते, हे कॅमेरूनचे लेखक मोंगो बेती यांच्या ‘द पुअर क्राइस्ट ऑफ बोम्बा’ (मूळ फ्रेंच, १९५६) या कादंबरीत दिसते. फादर द्रुमों यांच्या दौऱ्याची ही रोजनिशी त्यांचा सेवक असलेला एक कोवळा मुलगा लिहितो. लोक प्रथम आपल्याकडे का आले, असा प्रश्न फादरांना पडतो. त्यांचा स्वयंपाकी साफ सांगतो की, गोऱ्यांच्या सामर्थ्याचे, त्यांच्या आगगाड्यांचे आणि विमानांचे रहस्य शिकायला लोक आले होते, आणि तुम्ही त्यांना आत्म्याविषयी सांगत बसलात. कादंबरी उपरोधिक आहे, मिशनला ती झुकते माप देत नाही आणि काही पाने श्रद्धावंत वाचकास बोचतील. पण डोनोव्हन यांनी जे वस्तीवर बसून ऐकले, ते द्रुमों यांना वीस वर्षांनी आपल्याच स्वयंपाकघरातून ऐकावे लागले. दोन्ही पुस्तके म्हणूनच एकत्र वाचावीत.

या कसोटीवर आमची पत्रे उणी पडतात, याचा दोष एकट्या तरुण मिशनऱ्यांवर टाकता येणार नाही. घरच्यांना काळजी वाटू नये आणि दात्यांना समाधान लाभावे, म्हणून ती तशी लिहिली जातात. वाचक म्हणून आम्हीच तशी अपेक्षा ठेवतो. ज्यांचा मुलगा किंवा मुलगी आज त्या भूमीत सेवेत आहे, त्या कुटुंबांना आमची एक विनंती आहे. पुढच्या वेळी फोनवर प्रकृती, जेवण आणि हवा यांची चौकशी झाली की एवढेच विचारावे : या आठवड्यात तिथल्या माणसांनी तुला काय विचारले, आणि कोणत्या प्रश्नाचे उत्तर तुला देता आले नाही? ते उत्तर पत्रातून आले, तर आम्ही ते आनंदाने छापू.