फाशांवरचा टॉल्किन

टॉल्किनच्या मिडल-अर्थवर सध्या एकाच प्रकाशकाचे दोन रोलप्लेइंग खेळ बाजारात आहेत. स्वीडनच्या फ्री लीगने २०२२ मध्ये ‘द वन रिंग’ची दुसरी आवृत्ती काढली आणि पुढच्याच वर्षी तेच जग ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या नियमांत कोंबून वेगळ्या नावाने विकायला आणले. कादंबरीमालेवरून खेळ बेतण्याच्या कलेतले उत्तम आणि निव्वळ धंदेवाईक, दोन्ही असे एकाच घरात सापडते.

आधीच्या खटाटोपांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. १९८४ च्या ‘मिडल-अर्थ रोल प्लेइंग’चे नकाशे आजही देखणे वाटतात, बाकी त्यात हाडे मोडण्याची कोष्टके आणि ऊठसूट मंत्र फेकणारे जादूगार. २००१ चा ‘व्हील ऑफ टाइम’ म्हणजे वीस बाजूंच्या फाशाला चढवलेला झगा. ‘साँग ऑफ आइस अँड फायर’च्या २००९ च्या खेळात मात्र खेळाडू सगळे मिळून आधी सरदार-घराणे उभे करतात, मग त्यातली माणसे. मालेचा लेखक मार्टिन याच्या जगात माणसाआधी घराणे येते, हे त्या नियमाने ओळखले.

फ्रान्चेस्को नेपितेल्लो आणि मार्को माज्जी यांनी २०११ मध्ये ‘द वन रिंग’च्या पहिल्या आवृत्तीत अख्खा खेळच जगाचा स्वभाव नियमांत पकडण्याच्या या दृष्टीने रचला. पात्राकडे आशा असते आणि त्याच्यावर सावली साचत जाते. भय, लोभ, दुष्कृत्य, काळी जादू, कशानेही ती वाढते. आशेला तिने गाठले की पात्र खचते. प्रत्येकाची घसरण त्याच्या गुणातूनच निघते: खजिना शोधणाऱ्याला ड्रॅगनचा लोभ जडतो, नेत्याला सत्तेची ओढ लागते. बारा बाजूंच्या फाशावर एकीकडे गँडाल्फची खूण, दुसरीकडे सॉरॉनचा डोळा. प्रवास येथे दोन लढायांमधली मोकळी जागा नाही. वाटाड्या, टेहळ्या, शिकारी, पहारेकरी अशी कामे वाटून घ्यावी लागतात, थकवा अंगावर चढतो आणि मोहीम संपल्यावर मंडळी कुठेतरी विसावतात, तोही खेळाचाच एक टप्पा असतो. टॉल्किनच्या पानांतला शीण आणि विसावा इतक्या नेमकेपणाने नियमांत क्वचितच उतरला असेल.

पाचव्या आवृत्तीचे समर्थक म्हणतात, ओळखीच्या नियमांमुळे नवे खेळाडू येतात. येतात, पण कुठे? त्या नियमांत रात्रभर झोपले की जखमा भरतात आणि पातळीगणिक नायक अधिकाधिक अभेद्य होतो. याच नियमांवर बेतलेल्या २०१६ च्या ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन मिडल-अर्थ’ला याच कारणाने वाटेवरची ही दीर्घ विश्रांती रोखावी लागली. ज्या यंत्रणेला टॉल्किनच्या जगात पाऊल टाकण्याआधीच लगाम घालावा लागतो, ती त्या जगासाठी नाहीच. फ्रोडोची जखम शेवटपर्यंत भरत नाही. ती ज्या नियमांत सकाळी भरून येते, त्यांना फक्त त्याचे नाव हवे आहे.

धंद्याचे गणित टॉल्किनबाहेरही चालते. ब्रँडन सँडरसनच्या कॉस्मियर या कादंबरीविश्वावरील खेळाने २०२४ मध्ये किकस्टार्टरवर दीड कोटी डॉलरांहून अधिक रक्कम जमवली. त्यात नाइट्स रेडियंट या योद्ध्यांची शक्ती शपथांशी बांधली आहे, हे त्याचे खरे श्रेय. गाजला मात्र आकडा. आकड्यालाच गुणवत्ता समजणारे प्रकाशक प्रत्येक मालेला खपणाऱ्या नियमांचा तोच अंगरखा शिवत राहतील आणि समीक्षक चित्रांची, कागदाची वाखाणणी करत बसतील.

ज्याला टॉल्किन खेळायचा असेल त्याने ‘द वन रिंग’ घ्यावा. पाचवी आवृत्ती ज्याला प्रिय आहे, त्याच्यासाठी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आहेच.