यात्रा आणि प्रदक्षिणा : मराठी पक्षिवर्णनातील एक उणीव

मराठीतील निसर्गविषयक ललित गद्याचे परिशीलन करताना एक गोष्ट सहज ध्यानात येते, ती ही की, या गद्यातील निरीक्षक बहुधा घरापासून दूर गेलेला असतो. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ हे पुस्तक घ्यावे, अथवा मारुती चितमपल्लींचे ‘पक्षी जाय दिगंतरा’ घ्यावे. वाचकाच्या मनावर जो ठसा उमटतो तो अरण्याचा. हे लेखन मराठीचे भूषण आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या यशामुळे एक समजही नकळत दृढ झाला आहे. पक्षी पाहावयाचा तर प्रवासाला निघावे लागते, हा तो समज होय. गावाच्या वेशीबाहेर तास-दोन तासांची फेरी मारून परतणाऱ्या माणसाला जे दिसते, ते आपल्या ललित गद्याचा विषय अपवादानेच झाले आहे. ही उणीव विषयाची नाही, दृष्टीची आहे.

इंग्रजी वाङ्मयात या दृष्टीची परंपरा जुनी आहे. हॅम्पशर परगण्यातील सेलबोर्न या खेड्यात राहणाऱ्या गिल्बर्ट व्हाइट या धर्मोपदेशकाचा ग्रंथ 1789 मध्ये प्रसिद्ध झाला. टॉमस पेनंट व डेन्स बॅरिंग्टन या दोन अभ्यासकांना लिहिलेल्या पत्रांच्या रूपाने तो सिद्ध झाला आहे. व्हाइटने दूरदेशीचे अपूर्व प्राणी वर्णिले नाहीत. त्याच त्या पायवाटांनी तो वर्षानुवर्षे हिंडला आणि 1768 पासून 1793 मध्ये मृत्यू येईपर्यंत रोजनिशी ठेवीत राहिला. एकसारख्या दिसणाऱ्या तीन लहान पक्ष्यांच्या जाती त्याने मुख्यतः त्यांच्या आवाजावरून वेगळ्या ओळखल्या. असा भेद एका भेटीत कळत नाही. त्यासाठी तोच आवाज त्याच कुंपणाशी अनेक वसंतांत ऐकावा लागतो. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांनी 1910 च्या जून महिन्यात अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हॅम्पशरमध्येच एका पायी फेरीला नेले. दिवसभरात त्यांना चाळीसएक जातींचे पक्षी आढळले. ग्रे यांना ती वाट तोंडपाठ होती, म्हणूनच पाहुण्याला ती एका दिवसात दाखविता आली. 1927 मध्ये पक्ष्यांवरील पुस्तक त्यांनी लिहिले, त्याचे भांडवलही हा परिचयच होय.

मराठीत या वृत्तीच्या सर्वांत निकट जाणारा ग्रंथ म्हणजे दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ (1956). महिन्यामागून महिना घेऊन निसर्गाची पालटती रूपे टिपण्याची त्यांची पद्धत व्हाइटच्या रोजनिशीची आठवण करून देते. मात्र ‘ऋतुचक्रा’त काळाचा धागा जितका पक्का आहे, तितका स्थळाचा नाही. चितमपल्लींच्या बाबतीत वेगळाच प्रकार घडला. वनाधिकारी म्हणून ते अरण्यात राहिले. त्यामुळे वाचकाला जे दूरचे वाटते, ती त्यांची रोजची वाट होती. त्यांच्या गद्याचे सामर्थ्य या वास्तव्यातून आले आहे. अनुकरण करणाऱ्यांनी मात्र वास्तव्य सोडले आणि अरण्य तेवढे उचलले.

येथे आपल्याच परंपरेतील दोन शब्द उपयोगी पडतात : यात्रा आणि प्रदक्षिणा. यात्रेला अंतर लागते. प्रदक्षिणेला केंद्र लागते. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, नीरा आणि भीमा यांच्या संगमावर वसलेले नरसिंहपूर हे दोहोंचे क्षेत्र आहे. लक्ष्मी-नृसिंहाच्या दर्शनाला दुरून येणारा भाविक यात्रा करतो. गावकरी देवळाला प्रदक्षिणा घालतो आणि घाट उतरून नदीवर जातो. पक्षिवर्णनाच्या दृष्टीने या दुसऱ्या माणसाची वाट अधिक मोलाची आहे.

या वाटेवरचे पक्षी दुर्मीळ नाहीत. काठाशी अंग चोरून उभी असलेली मातकट ढोकरी उडताच पांढरीशुभ्र होते. खंड्या फांदीवर किंवा तारेवर बसून सावज हेरतो. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत थांबतो आणि सरळ खाली सूर मारतो. हा भेद कोणत्याही पुस्तकात मिळेल. परंतु कोणत्या महिन्यात कवड्या खंड्या संगमाच्या कोणत्या बाजूला असतो, टिटवीने यंदा अंडी कोठल्या खडकाळ पट्टीवर घातली, धोबी पक्षी थंडीच्या आरंभी घाटावर प्रथम केव्हा दिसला, हे पुस्तकात मिळत नाही. ते त्या वाटेवरच्या माणसालाच मिळते.

अशा दर्शनाने वाङ्मयातील संकेतांचीही पारख होते. चक्रवाकाची जोडी रात्री विलग होते, हा संस्कृत काव्यातून मराठीत आलेला कविसंकेत आहे. प्रत्यक्षात हे नारिंगी बदक हिवाळ्यात आपल्या नद्यांवर व जलाशयांवर येते आणि उन्हाळ्यापूर्वी लडाख, तिबेट व मध्य आशियाकडे परतते. त्याचे घरटे व पिले येथे दिसत नाहीत. जोडी सहसा एकत्र असते, आणि रात्रीही चरते. अंधारातून येणारी त्यांची साद ज्याने नदीकाठी ऐकली, त्याला कविसंकेत खोटा ठरवून टाकावासा वाटणार नाही. तो कोणत्या आवाजातून जन्मला असावा, हे त्याला उमगू लागेल. संकेताचे ज्ञान आणि कानांची साक्ष यांचा असा संवाद हाच ललित गद्याचा खरा विषय होऊ शकतो.

यावर असा आक्षेप संभवतो की, नोंद ठेवणे हे शास्त्राचे काम आहे, साहित्याचे नव्हे. आक्षेप वरवर सबळ दिसतो. तथापि, शास्त्र पक्ष्यांची संख्या सांगेल. एखादी जागा त्यांच्यावाचून कशी रिती झाली, हे माणसाच्या स्मृतीतूनच व्यक्त होते. इंदापूर-बारामतीच्या भूमीत मोठी स्थित्यंतरे घडली आहेत. नीरेच्या कालव्याने माळाचा ऊस केला. नरसिंहपूरच्या वरच्या अंगाला भीमेवर उजनीचे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि भिगवणजवळच्या उथळ पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे येऊ लागले. आज त्यांना पाहण्यासाठी दुरून लोक येतात; त्यांची छायाचित्रे घरोघर आहेत. परंतु सोलापूरकडच्या ज्या माळांवर माळढोक होता आणि ज्याच्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य करावे लागले, तो आता क्वचितच दिसतो. तो कोणत्या माळावरून केव्हा गेला, याची साक्ष देणारे गद्य मराठीत विपुल असावयास हवे होते. आलेल्यांचे स्वागत झाले. गेलेल्यांना निरोप दिला गेला नाही. यात्रेकरूला आलेला पक्षी दिसतो. न आलेला पक्षी प्रदक्षिणा घालणाऱ्यालाच जाणवतो.

हा प्रश्न भूतकाळापुरताही नाही. सुरय पक्षी उन्हाळ्यात नदीच्या वाळवंटात उघड्यावर अंडी घालतो. धरणाच्या खालच्या भीमेत पिण्यासाठी उन्हाळ्यातच पाणी सोडावे लागते. माणसाची तहान आणि पक्ष्याचे घरटे एकाच पात्रात समोरासमोर येतात. यात दोषी कोणी नाही, म्हणूनच हा प्रसंग साहित्याच्या योग्यतेचा आहे. आणि तो पाहावयाचा तर त्या आठवड्यात, त्या काठावर, आदल्या दिवशीही गेलेला माणूसच हवा.

निसर्गलेखनाचे मूल्यमापन करताना समीक्षेने आजवर अनुभवाच्या दुर्मीळतेला मान दिला. यापुढे पुनरावृत्तीलाही तो द्यावयास हवा. तीच वाट, तोच घाट आणि तीच टिटवी यांत दरवर्षी काय निराळे झाले, हे सांगू शकणारे गद्य जेव्हा मराठीत नियमाने लिहिले जाईल, तेव्हा आपल्या पक्षिवर्णनाला अरण्याच्या जोडीने गावही लाभेल.