डिरेक्टरी सर्व्हरचे नकार : एक भाषिक परीक्षण

विद्यापीठांच्या व मोठ्या कचेऱ्यांच्या संगणक-व्यवस्थेत वापरकर्त्यांची नावे, खातेक्रमांक आणि पासवर्ड एकत्र ठेवणारी जी यंत्रणा असते, तिला डिरेक्टरी सर्व्हर म्हणतात. तिच्याशी व्यवहार करण्याचा रूढ संकेत म्हणजे एलडॅप; त्याच्या मानकांची आजची मुख्य संहिता २००६ साली प्रसिद्ध झाली. नवी नोंद घालू जाता हा सर्व्हर पुष्कळदा नकार देतो आणि नकाराबरोबर एक अंक व एक त्रोटक वाक्य परत पाठवितो. या वाक्यांकडे केवळ तांत्रिक कटकट म्हणून पाहण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार भाषिक संहिता म्हणून करावयाचा आहे. उदाहरणे ओपनएलडॅप या सर्व्हरची घेतली आहेत.

नोंद ही एका अर्थी वाक्यच होय. तिला स्थान लागते, रचनेचे नियम लागतात आणि तिच्यातील शब्द कोशात असावे लागतात. नकाराचा अंक यांपैकी कोणता नियम मोडला हे सांगतो. ३२ हा अंक आला, तर जिच्याखाली नोंद घालावयाची ती वरची शाखाच अस्तित्वात नाही, असे समजावे. या संदेशासोबत पत्त्याचा जेवढा भाग जुळला तेवढा बहुधा परत येतो. ज्या शब्दापुढे तो थांबतो, तेथेच दोष शोधावा. ६८ म्हणजे त्याच पत्त्याची नोंद आधीच आहे. ५० म्हणजे नोंद घालणाऱ्यास तसा अधिकार नाही. एवढे संदेश निःसंदिग्ध आहेत व त्यांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही.

६५ या अंकाचे प्रकरण अधिक उद्बोधक आहे. युनिक्स खात्यासाठी लागणारा ‘पॉझिक्सअकाउंट’ हा वर्ग साहाय्यक स्वरूपाचा आहे. केवळ तोच देऊन नोंद घातली, तर ‘संरचनात्मक वर्ग दिलेला नाही’ अशा आशयाचा संदेश येतो. धातूच्या रूपावाचून नुसते सहायक क्रियापद उभे राहत नाही, तसाच हा नियम आहे. उलट ‘अकाउंट’ व ‘इनेटऑर्गपर्सन’ हे दोन स्वतंत्र संरचनात्मक वर्ग एकाच नोंदीत घातले, तर त्यांची साखळी अवैध ठरते. व्याकरण जाणणाऱ्यास हे दोन्ही नकार न्याय्यच वाटतील.

२१ या अंकाबाबत मात्र संदेशकर्त्यास दोष द्यावा लागेल. त्याचा शब्दार्थ ‘सिन्टॅक्स अवैध’ असा आहे. ई-मेलच्या रकान्यात देवनागरी अक्षरे घातली असता तो येतो, हे ठीकच आहे. त्या रकान्यास आस्की अक्षरेच चालतात. परंतु सर्व्हरला अपरिचित असा वर्ग लिहिला, म्हणजे त्या वर्गाचा स्कीमा चढविलेलाच नसला, तरीही हाच संदेश येतो. येथे उणीव शब्दकोशाची आहे, दोष मात्र रचनेवर ठेवला जातो. शिवाय संदेशातील मूल्यांची मोजणी शून्यापासून होते. ‘मूल्य १’ म्हणजे दुसरे मूल्य. हे ठाऊक नसलेला अभ्यासक निर्दोष ओळच पुनःपुन्हा तपाशीत बसतो. शब्दाच्या शेवटी राहून गेलेली, डोळ्यांस न दिसणारी रिकामी जागाही असा नकार घडवू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

तथापि सर्वांत गंभीर प्रश्न संदेशाचा नसून त्यामागील व्याख्येचा आहे. १९८८ सालच्या एक्स.५०० शिफारशींपासून चालत आलेल्या ‘पर्सन’ या वर्गात दोन गुणधर्म अनिवार्य आहेत : सामान्य नाव आणि कुलनाम. ‘इनेटऑर्गपर्सन’ त्याचाच वंशज असल्याने कुलनामाविना घातलेली नोंद ६५ या अंकाने परत येते. ज्यास कुलनाम नाही, त्यास या वर्गाच्या व्याख्येप्रमाणे व्यक्तित्वच नाही! वडिलांच्या नावाचे आद्याक्षर व स्वतःचे नाव एवढेच लावणारे असंख्य तमिळ भाषक या व्याख्येत बसत नाहीत. मराठी नावात कुलनाम असते, म्हणून आपणांस ही अडचण जाणवत नाही. पण आपल्या नावातील मधल्या पितृनामास किंवा पतिनामासही या वर्गात स्वतंत्र स्थान नाही.

व्यवहारात यावर जो तोडगा निघतो तो असा, की रकान्यात एक टिंब किंवा रेघ घालून सर्व्हरला गप्प करावयाचे. नकार नाहीसा होतो, नोंद मात्र खोटी होते. आणि तीच पुढे ओळखपत्रावर व गुणपत्रिकेवर उतरू शकते. चूक दुरुस्त करणे आणि चुकीचा संदेश थांबविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कुलनाम नसल्यास एकमेव नावच त्या रकान्यात पुन्हा लिहावे, पूर्ण नाव ‘डिस्प्लेनेम’मध्ये व्यक्तीच्या इच्छेप्रमाणे द्यावे आणि हा नियम लेखी ठेवावा. देवनागरी रूपासाठी सामान्य नावास भाषेची खूण जोडण्याची सोय २००४ सालच्या मानकात आहे. आपला सर्व्हर ती मानतो की नाही हे आधी पाहून तिचा उपयोग करावा.

सारांश, अंक पाहून कोणता नियम मोडला ते ओळखावे, वाक्यावर सर्वस्वी विसंबू नये, आणि नियमच अपुरा असेल तर त्याचा भार नोंदीतील माणसावर टाकू नये. नामव्यवस्थांचा अभ्यास करणाऱ्यांनी या स्कीमांकडे लक्ष पुरविणे अगत्याचे आहे. कारण नाव कशास म्हणावे, याचा निर्णय आज तेथेही होत असतो.