तुकोबांचा जमाखर्च

संकटांतहि समाधान मानावें, हा तुकोबांचा उपदेश पुष्कळांच्या तोंडीं असतो; आणि बहुधा तो पोट भरलेल्यानें उपाशी मनुष्यास ऐकविलेला असतो. आमच्या मतें हा तुकोबांवर अन्याय आहे. १६३० च्या सुमारास पडलेल्या दुष्काळांत देहूच्या या वाणीकुळाचा व्यापार बुडाला. दिवाळें, जनांतील अपमान, गेलेलें धन व गुरेंढोरें हीं सर्व कलमें एका अभंगांत क्रमानें मांडून तुकोबा तीं देवाच्या उपकारांत जमा धरतात. तेवढेंच वाचून वाटावें कीं, यांना दुःख झालेंच नाहीं. पण त्यांचा आत्मचरित्रपर अभंग पाहावा. स्त्री अन्नावांचून मेली, जीवाला लाज वाटली, हेंहि ते तितक्याच उघडपणें सांगतात. हे दोन्ही अभंग शेजारीं ठेवल्यावांचून तुकोबांची श्रद्धा कळावयाची नाहीं. ती खर्चाची बाजू खोडीत नाहीं. ती पुरती लिहून मगच आभार मानते. असें समाधान दुसऱ्यास सांगण्यापूर्वीं आपल्या वहींत कोणती हानि लिहिली आहे, हें सांगणारानें एकदां पाहावें.