आवाज मराठी, पडदा इंग्रजी

रोजच्या कामाला लिनक्स घेतलं तर शिकायचं कुठून, असं मनोरचे ज्युनिअर विचारतात. मी त्यांना आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'कडे पाठवतो. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठी निवेदन, आणि डाउनलोड करून ठेवले की नेट नसलं तरी चालतात. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपलं टर्मिनल. ही पद्धत भारीच आहे.

पण लिनक्सचे बरेच धडे उबुंटूच्या जुन्या आवृत्त्यांवरचे. त्यातले मेनू आज शोधून सापडत नाहीत. 'ग्रेप', 'सॉर्ट' या कमांड मात्र तशाच चालतात, तेव्हा वेळ तिथे घाला.

मला खटकतं ते वेगळंच. आवाज मराठी झाला, पडदा इंग्रजीच राहिला. मग मराठी मजकुराचं काय होतं ते कळत नाही. 'डब्ल्यूसी' कमांडला नुसतं 'मनोर' मोजायला द्या (शेवटी एंटर नको): बाइट 12, कॅरेक्टर 4, कारण 'नो'ची मात्रा वेगळी धरली जाते. डोळ्यांना दिसतात 3. वारली मुलाखती देवनागरीत टाइप करून त्यांची लांबी प्रबंधात देणाऱ्याने यातला कुठला आकडा लिहायचा? त्यावर एक धडा हवा होता.