संसदीय लोकशाही व सत्ताविभाजन : महाराष्ट्र विधानसभेच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ व न्यायमंडळ यांच्या सत्तेचे विभाजन हे लोकशाहीचे अधिष्ठान मानले जाते. तथापि भारतीय राज्यघटनेने अमेरिकेप्रमाणे काटेकोर विभाजन स्वीकारलेले नाही. अनुच्छेद ५० न्यायमंडळास कार्यकारी मंडळापासून वेगळे करण्याचे निर्देश देतो. मात्र अनुच्छेद १६४ (२) नुसार मंत्रिमंडळ विधानसभेस सामूहिकरीत्या जबाबदार असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत संसदीय पद्धतीचे समर्थन केले, ते स्थैर्यापेक्षा जबाबदारीला अधिक महत्त्व देऊन. ही जबाबदारी प्रत्यक्षात कितपत टिकते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील दोन प्रकरणांच्या आधारे केली आहे.

बारा सदस्यांचे निलंबन :
५ जुलै २०२१ रोजी विधानसभेने भारतीय जनता पक्षाच्या १२ सदस्यांना गैरवर्तनाच्या आरोपावरून एक वर्षासाठी निलंबित केले. त्यांत लातूर जिल्ह्यातील औसा मतदारसंघाचे अभिमन्यू पवार हेही होते. प्रस्ताव मांडणारे संसदीय कार्यमंत्री होते. म्हणजे ज्या मंत्रिमंडळाला विरोधकांनी जाब विचारायचा, त्याच मंत्रिमंडळाच्या पुढाकाराने विरोधकांना सभागृहाबाहेर ठेवण्यात आले.

२८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा ठराव त्या अधिवेशनापुरता मर्यादित ठरवून पुढील कालावधीसाठी घटनाबाह्य ठरविला. न्यायालयाचा युक्तिवाद विचारात घेण्यासारखा आहे. सदस्याची हकालपट्टी झाल्यास जागा रिक्त होते व सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. वर्षभराच्या निलंबनात मात्र जागा रिक्त होत नाही आणि मतदारसंघाला प्रतिनिधीही राहत नाही. शिक्षा सदस्याला, पण ती भोगतो औशाचा मतदार! शिवाय काठावरचे बहुमत असलेल्या सरकारला असे निलंबन सोयीचे ठरू शकते. अनुच्छेद २१२ कार्यपद्धतीतील अनियमिततेस संरक्षण देतो, बेकायदेशीरपणास नव्हे. त्यामुळे न्यायालयाचा हा हस्तक्षेप अतिक्रमण म्हणता येणार नाही.

अध्यक्षपद व पक्षांतरबंदी :
फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्षांनी राजीनामा दिला. त्यानंतर हे पद ३ जुलै २०२२ पर्यंत रिक्त राहिले. निवडणुकीच्या पद्धतीवरून राज्यपाल व सरकार यांच्यात मतभेद झाले. दरम्यान जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली. ११ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने बहुमत चाचणीचा राज्यपालांचा आदेश असमर्थनीय ठरविला. परंतु मुख्यमंत्र्यांनी चाचणीस सामोरे न जाता राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नाही, असेही स्पष्ट केले. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांनी वाजवी कालावधीत द्यावा, असे सांगितले.

हा ‘वाजवी कालावधी’ किती? निर्णय १० जानेवारी २०२४ रोजी आला, तोही न्यायालयाने मुदत घालून दिल्यानंतर. फूट व निर्णय यांच्यात सुमारे दीड वर्षाचे अंतर पडले. दहाव्या अनुसूचीनुसार अध्यक्ष हे न्यायाधिकरणाची भूमिका बजावतात. पण त्यांची निवड व पदावर राहणे बहुमतावर अवलंबून असते. ज्या बहुमताची वैधता तपासायची, त्याच बहुमताने निवडलेल्या व्यक्तीकडे ती तपासणी सोपविणे हा या व्यवस्थेचा मूलभूत दोष होय. दोन्ही प्रकरणांत सत्तेवरील आघाड्या भिन्न होत्या, म्हणून हा दोष एखाद्या पक्षाचा नसून रचनेचा आहे.

निष्कर्ष :
पहिल्या प्रकरणात न्यायालयाने सभागृहाच्या विशेषाधिकाराला मर्यादा घातली. दुसऱ्यात सभागृहाच्या स्वायत्ततेचा आदर राखला. तत्त्वतः दोन्ही भूमिका सुसंगत आहेत, परंतु विलंबामुळे दुसरीचा परिणाम क्षीण झाला. अपात्रतेचा अधिकार स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे देण्याचा विचार संसदेने करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सुचविले होते. त्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक आहे. तोपर्यंत निर्णयाची निश्चित कालमर्यादा तरी असावी. सत्ताविभाजनाचा अंतिम हेतू संस्थांची प्रतिष्ठा जपणे हा नसून मतदाराने दिलेल्या मताचे मोल राखणे हा आहे. निर्णयास उशीर झाला, तर ते मोल निवडणुकीपूर्वीच संपते.